आरटीईत नंबर लागला, आता घ्यायचा की सोडायचा?

लॉटरीचा निकाल लागला की नांदेडच्या सिडको-हडकोपासून लातूरच्या प्रकाशनगरपर्यंत कितीतरी घरांत एकच विषय चालतो. ‘लेकराचा नंबर लागला’ याचा आनंद पहिल्या दिवशी पुरतो. दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू होतात. मामा म्हणतात, सोडू नका. शेजारी म्हणतात, वरखर्चातच मराल. गावाकडून आजी विचारते, झेडपीच्या शाळेत काय वाईट आहे? प्रवेश पक्का करायला मुदत थोडीच असते आणि त्या घाईत बहुतेक निर्णय ऐकीव माहितीवर होतात. राज्यात दर वर्षी एकीकडे हजारो मुलं प्रतीक्षा यादीत थांबलेली असतात आणि दुसरीकडे जागा रिकाम्या राहतात. २०२५-२६ साठी सुमारे १ लाख ९ हजार जागांना ३ लाखांहून जास्त अर्ज आले होते. अशी जागा हाती आल्यावर ती घेणं किंवा सोडणं, दोन्ही विचारपूर्वक व्हायला हवं. त्यासाठी आधी गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : ही सरकारची मेहेरबानी आहे. श्रीमंतांच्या शाळेत आपलं लेकरू मागच्या बाकावरच बसणार.

वस्तुस्थिती : हा कायद्याने दिलेला हक्क आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, म्हणजेच आरटीई, २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या कलम १२(१)(सी) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी ही तरतूद वैध ठरवली. या मुलांची वेगळी तुकडी किंवा वेगळी वेळ ठेवता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत, चाचणी घेता येत नाही. घेतल्यास पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे.

दिल्लीच्या महागड्या शाळांमध्ये गरीब मुलांना प्रवेश मिळू लागल्यावर तिथल्या श्रीमंत मुलांवर काय परिणाम झाला, याचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र लाभलेली मुलं अधिक उदार झाली आणि गरीब मुलांशी भेदभाव कमी करू लागली, असं त्यात दिसलं. भेदभाव कुठेच होत नाही, असा याचा अर्थ नाही. तो झाला तर गटशिक्षणाधिकारी किंवा जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. अशा तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय देण्याचं बंधन कायद्यातच आहे. तिथे दाद मिळाली नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं.

गैरसमज : आरटीई फक्त मागासवर्गीयांसाठी आहे.

वस्तुस्थिती : वंचित गटात अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, विशेष मागास प्रवर्ग, दिव्यांग, अनाथ आणि एचआयव्हीबाधित बालकं येतात. त्यांना उत्पन्नाची अट नाही. खुल्या प्रवर्गातल्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांच्या आत असेल, तर त्यांचं मूलही दुर्बल घटकात बसतं. नव्या मोंढ्यातला हमाल असो की गंजगोलाईतल्या दुकानात कामाला असलेला माणूस, जात कोणतीही असली तरी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला असेल तर अर्ज करता येतो.

गैरसमज : नंबर लागला म्हणजे प्रवेश झाला.

वस्तुस्थिती : निवड झाल्यावर पडताळणी समितीपुढे मूळ कागदपत्रं दाखवावी लागतात आणि तिथेच अनेकांचं घोडं अडतं. सगळ्यात जास्त फटका भाड्याने राहणाऱ्यांना बसतो. स्टॅम्प पेपरवर केलेला, नोटरीचा शिक्का असलेला भाडेकरार घेऊन वडील रांगेत उभे राहतात, आणि तो चालत नाही हे टेबलापाशी पोहोचल्यावर कळतं. करार दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी केलेला, अर्ज सुरू होण्याच्या आधीचा आणि किमान अकरा महिन्यांचा लागतो. शाळा जवळ दिसावी म्हणून अर्जात घराचं ठिकाण नकाशावर भलतीकडेच दाखवलं असेल, तर प्रवेश रद्द होतो. शिक्षणासाठी गावाकडून शहरात येऊन राहिलेल्या कुटुंबांनी हा करार दिवाळीच्या सुमारासच नोंदवून ठेवावा.

निकाल मोबाईलवरच्या संदेशानेच कळतो, हाही भ्रम आहे. अर्जाचा क्रमांक टाकून संकेतस्थळावर स्वतः पाहायचं. आणि ‘नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका. सोडत राज्य पातळीवर एकदाच, संगणकाने निघते. नांदेडच्या किंवा लातूरच्या कुठल्याही कार्यालयात बसून ती कुणाला फिरवता येत नाही.

गैरसमज : ही शाळा नको म्हटली की पुढच्या फेरीत दुसरी मिळेल.

वस्तुस्थिती : सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच आहे. निवड होऊनही प्रवेश घेतला नाही, तर प्रतीक्षा यादीच्या पुढच्या फेऱ्यांत त्या मुलाचा विचार होत नाही. आणि एकदा आरटीईतून प्रवेश घेतलेल्या मुलाला पुन्हा अर्ज करता येत नाही. अर्जात दहापर्यंत शाळा भरता येतात आणि पालक यादी पुरी करण्याच्या नादात कधीही न पाहिलेल्या शाळाही टाकून देतात. मग नेमकी त्यातलीच एखादी लागते. म्हणून खरा निर्णय निकालानंतर घ्यायचा नसतो, तो अर्ज भरतानाच घ्यायचा असतो. जिथे लेकराला पाठवायची मनापासून तयारी आहे, तीच शाळा यादीत टाका. चारच शाळा भरल्या तरी चालतं.

जागा सोडून स्वतःच्या पसंतीच्या खासगी शाळेत घातलं, तर तिथली फी सरकार देत नाही. कायद्याने तशी मागणी करता येत नाही.

गैरसमज : दहावीपर्यंत सगळं फुकट.

वस्तुस्थिती : मोफत शिक्षणाचा हा हक्क आठवीपर्यंतचा आहे. नववीला तीच शाळा पूर्ण फी मागू शकते. पहिलीत प्रवेश घेताना नववीचा विचार फार लांबचा वाटतो. पण आठ वर्षं इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला ऐन दहावीच्या उंबरठ्यावर फीसाठी शाळा आणि माध्यम दोन्ही बदलावं लागलं, तर त्याची होणारी ओढाताण मोठी असते. आज त्या शाळेची नववीची फी किती आहे, ते विचारा आणि कागदावर लिहून ठेवा. शाळा आठवीपर्यंतच असेल, तर पुढची शाळा कोणती, हेही आत्ताच पाहा.

शिकवणी शुल्क नसलं तरी रिक्षा किंवा व्हॅनचा खर्च पालकांनाच पेलावा लागतो. पुस्तकं, गणवेश, स्नेहसंमेलन, सहल यांवरूनही वाद होतात. मुलाला प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यात अडसर ठरेल असं कोणतंही शुल्क किंवा खर्च त्याच्यावर लादता येणार नाही, असं कलम ३ सांगतं. ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ किंवा ‘स्मार्ट क्लास’च्या नावाने पैसे मागितले, तर तोंडी हुज्जत घालू नका. मागणी लेखी द्या म्हणा. बऱ्याचदा विषय तिथेच संपतो.

गैरसमज : सरकार शाळेला पैसे देत नाही, म्हणून ते आपल्यालाच भरावे लागतात.

वस्तुस्थिती : राज्य सरकारने शाळांना द्यायच्या परताव्याची कमाल रक्कम विद्यार्थ्यामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरवली. ती वेळेवर मिळत नाही, थकबाकी साचते, ही संस्थाचालकांची तक्रार खरी आहे आणि छोट्या शाळांना तिची झळ बसते. सरकारने ती देणी चुकती केलीच पाहिजेत. पण हा हिशेब शाळा आणि शासन यांच्यातला आहे. त्यासाठी पालकाकडून पैसे घेता येत नाहीत किंवा मुलाचा निकाल अडवता येत नाही.

गैरसमज : नियम बदलला, आता खासगी शाळांत आरटीई राहिलं नाही.

वस्तुस्थिती : ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागांतून सूट, असं त्यात होतं. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. अंतराचे आणि वयाचे तपशील मात्र त्या त्या वर्षीच्या सूचनांतच वाचावेत. मागच्या वर्षी शेजाऱ्याने काय केलं, यावर जाऊ नये.

एखादी नामांकित शाळा यादीत दिसत नाही, याचं कारण अनेकदा तिचा अल्पसंख्याक दर्जा असतं. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी दिलेल्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही.

गैरसमज : खासगी इंग्रजी शाळा म्हणजे झेडपीपेक्षा चांगलंच शिक्षण.

वस्तुस्थिती : याचं सर्वांत भक्कम उत्तर शेजारच्या, तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशातून आलं. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी १८० गावांत सोडत काढून काही मुलांचा खासगी शाळेचा खर्च उचलला आणि सोडतीत नंबर न लागलेल्या मुलांशी त्यांची चार वर्षं तुलना केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. खासगी शाळांतली मुलं हिंदीत ठळकपणे पुढे होती, कारण त्या शाळा तेलुगू आणि गणिताचा वेळ कमी करून तो इतर विषयांना देत होत्या. त्यांचा दर मुलामागचा खर्च मात्र सरकारी शाळांच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होता. म्हणजे खासगी शाळा वाईट नव्हत्या, पण नुसती पाटी बदलल्याने मूल हुशार झालं नाही.

देगलूर, बिलोली, धर्माबादच्या पट्ट्यात कितीतरी मुलं घरी तेलुगू बोलतात, बाहेर मराठी आणि शाळेत एकदम इंग्रजी. घरात इंग्रजी वाचून दाखवणारं कुणी नसेल, तर पहिली दोन वर्षं मुलाला कोण सांभाळून घेणार, हे शाळेला विचारलं पाहिजे. शक्य तिथे शिक्षण मातृभाषेतून द्यावं, असं हाच कायदा कलम २९ मध्ये सांगतो. आरटीईच्या यादीत मराठी माध्यमाच्या शाळाही असतात, त्या आवर्जून पाहा. आणि ज्या झेडपीच्या शाळेत गुरुजी टिकून आहेत, मुलं धडाधडा वाचतात, ती शाळा निवडणं कमीपणाचं नाही.

गैरसमज : जागा घेतली तर काहीच गमवायचं नाही.

वस्तुस्थिती : काही दारं बंद होतात आणि ती कुठली, हे फार थोडे पालक आधी पाहतात. नांदेडसाठी शंकरनगरला आणि लातूरला जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीच्या प्रवेशात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. पण ग्रामीण ठरायला तिसरी, चौथी आणि पाचवी हे तिन्ही वर्ग ग्रामीण भागातल्याच शाळेत झालेले असावे लागतात. शहराला खेटून असलेल्या गावातलं मूल महापालिका हद्दीतल्या शाळेत गेलं, तर नवोदयसाठी ते शहरी धरलं जातं आणि स्पर्धा अवघड होते. आठवीतली एनएमएमएस शिष्यवृत्ती वर्षाला १२ हजारांप्रमाणे चार वर्षं मिळते, पण ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच. शाळेतला दुपारचा आहारही विनाअनुदानित शाळेत नाही.

कंधार, मुखेड, लोह्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न आणखी वेगळा. आई-वडील दिवाळीनंतर कारखान्यावर गेल्यावर मुलाला रोज शाळेत सोडणारं मागे कुणी आहे का? आजी-आजोबा घरी असतील तर जागा घ्यावी. नसतील, तर झेडपीच्या शाळेला जोडून चालणारी हंगामी वसतिगृहाची सोय मुलाला शाळेत टिकवून ठेवते, आणि टिकणं सगळ्यात महत्त्वाचं.

गैरसमज : एकदा प्रवेश घेतला की अडकलो.

वस्तुस्थिती : आरटीईची जागा एका खासगी शाळेतून दुसरीकडे नेता येत नाही, हे खरं. पण परतीचा रस्ता बंद नसतो. सरकारी आणि अनुदानित शाळेत जाण्याचा मुलाचा हक्क कायम राहतो. मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. वर्षाच्या मध्येसुद्धा नाही.

मग करायचं काय? अर्ज भरण्याआधी एक दिवस काढा. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभे राहा आणि तिथे आरटीईतून शिकणाऱ्या मुलांच्या पालकांशी बोला. गेल्या वर्षभरात शिक्षक किती बदलले, नववीची फी किती, पैशांची मागणी कशी होते, मूल घरी येऊन काय सांगतं, हे विचारा. मग जवळच्या झेडपी किंवा अनुदानित शाळेतही जा आणि हेच प्रश्न विचारा. जिथे मूल आठ वर्षं चालत जाऊ शकेल, जिथे त्याला नावाने ओळखतील आणि नववीचा प्रश्न सुटलेला असेल, ती जागा निःशंक घ्या. तसं नसेल, तर जागा लवकर आणि निश्चयाने सोडा, म्हणजे प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या लेकराला ती वेळेत मिळेल. दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. शाळा स्वतः न पाहता घेतलेला निर्णय मात्र टाळलाच पाहिजे, कारण त्याची किंमत सहा वर्षांचं लेकरू मोजतं.