सेसमी स्ट्रीट

सेसमी स्ट्रीट : शाळापूर्व वयाच्या, विशेषतः ३ ते ५ वर्षांच्या, मुलांसाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत निर्माण झालेली शैक्षणिक दूरचित्रवाणी मालिका. तिचा पहिला भाग १० नोव्हेंबर १९६९ रोजी प्रक्षेपित झाला. ‘सेसमी’ म्हणजे तीळ. अरबी सुरस कथांतील म्हणून प्रसिद्ध असलेल्या अलिबाबाच्या गोष्टीत गुहेचे दार उघडणारा जो मंत्र येतो व जो मराठी मुलांना ‘तिळा तिळा, दार उघड’ या रूपात परिचित आहे, त्यावरून हे नाव घेण्यात आले. लहान मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम त्यापूर्वीही होत असत. शिकागो येथे १९५२ मध्ये सुरू झालेल्या डिंग डाँग स्कूल या कार्यक्रमात शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापिका फ्रान्सेस हॉर्विच या बालवाडीतील बाईंप्रमाणे कॅमेऱ्याकडे पाहून मुलांशी संथपणे बोलत. तथापि आधी अभ्यासक्रम निश्चित करून, कार्यक्रमाचा प्रत्येक प्रकार मुलांवर तपासून, मगच तो प्रक्षेपित करण्याचा प्रयत्न एवढ्या विस्ताराने सेसमी स्ट्रीटपूर्वी झाला नव्हता.

या मालिकेमागे एक सामाजिक प्रश्न होता. गरीब वस्त्यांतील मुले पहिल्या इयत्तेत प्रवेश घेतात तीच मुळी मागे पडलेल्या अवस्थेत, ही गोष्ट १९६० नंतरच्या दशकात अमेरिकन शिक्षणतज्ञांना तीव्रतेने जाणवू लागली होती. सुस्थितीतील मुलाला घरी पुस्तके, अक्षरे व अंक भेटतात. गरीब मुलाला ती बहुधा शाळेतच प्रथम दिसतात. हे अंतर भरून काढण्यासाठी १९६५ मध्ये शासनाने ‘हेड स्टार्ट’ ही योजना सुरू केली. परंतु वर्ग, शिक्षक व पैसा यांना मर्यादा होत्या. दूरचित्रवाणी संच मात्र जवळजवळ प्रत्येक घरात, गरिबाच्याही, पोहोचला होता. कार्नेगी प्रतिष्ठानातील मानसशास्त्रज्ञ लॉइड मॉरिसेट यांना एका सकाळी आपली तीन वर्षांची मुलगी कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी पडद्यावर दिसणाऱ्या स्थिर चाचणी-आकृतीकडे एकटक पाहत बसलेली आढळली. न्यूयॉर्कच्या शैक्षणिक वाहिनीवर माहितीपट तयार करणाऱ्या जोन गँझ कुनी यांच्या घरी १९६६ च्या फेब्रुवारीत झालेल्या भोजनप्रसंगी, या माध्यमाचा शिक्षणासाठी उपयोग होऊ शकेल काय, असा प्रश्न मॉरिसेट यांनी विचारला. कुनी यांनी त्यावर अहवाल लिहिला. त्यातूनच १९६८ मध्ये ‘चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉप’ ही संस्था (२००० पासून ‘सेसमी वर्कशॉप’) स्थापन झाली. तिला संघशासन व कार्नेगी, फोर्ड इ. प्रतिष्ठानांकडून मिळून सु. ८० लक्ष डॉलरचे साहाय्य लाभले. त्यातील जवळजवळ निम्मा वाटा शासनाचा होता.

हार्व्हर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड लेसर यांच्या मार्गदर्शनाखाली १९६८ च्या उन्हाळ्यात पाच चर्चासत्रे भरविण्यात आली. शिक्षक, बालमानसशास्त्रज्ञ, लेखक, चित्रकार व दूरचित्रवाणी निर्माते यांनी एकत्र बसून उद्दिष्टे ठरविली : अक्षरे व अंक ओळखणे, आकार व शरीराचे अवयव यांची नावे सांगणे, वस्तूंचे वर्गीकरण करणे, दुसऱ्याचा दृष्टिकोन समजून घेणे इत्यादी. जाहिरातींची गाणी मुलांना न शिकविता तोंडपाठ होतात, हे निरीक्षण येथे कामी आले. एक तासाचा भाग लहानलहान तुकड्यांत विभागून, साबणाची किंवा खाद्यपदार्थाची जाहिरात जशी वारंवार दाखवितात, तशी एखाद्या अक्षराची ‘जाहिरात’ दाखविण्यात येई. भागाच्या अखेरीस त्याचे प्रायोजक म्हणून त्या दिवशीची अक्षरे व अंक यांची नावे जाहीर होत.

संशोधन विभागाचे प्रमुख एडवर्ड पामर यांनी अवधान मोजण्याची एक साधी पण परिणामकारक पद्धती वापरली. मुलासमोर दूरचित्रवाणी संच ठेवून शेजारच्या दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी एक नवे रंगीत चित्र दाखवीत. मूल कोणत्या क्षणी कार्यक्रम सोडून चित्राकडे वळते, याची नोंद होई. प्रौढांना गमतीदार वाटणारे अनेक प्रसंग या कसोटीत नापास झाले. जुलै १९६९ मध्ये फिलाडेल्फियातील मुलांना पाच प्रायोगिक भाग दाखविण्यात आले. जिम हेन्सन (१९३६–९०) यांच्या ‘मपेट’ बाहुल्यांचे प्रसंग मुले तन्मयतेने पाहत; पण रस्त्यावरची माणसे बोलू लागली, की त्यांचे लक्ष उडे. वास्तव व कल्पित यांची सरमिसळ मुलांच्या मनात गोंधळ निर्माण करील, या तज्ञांच्या सल्ल्यामुळे रस्त्यावर बाहुल्या आणल्या नव्हत्या. प्रक्षेपणास अवघे काही महिने उरले असता हा सल्ला बाजूला ठेवण्यात आला व ‘बिग बर्ड’ हा आठ फुटांहून उंच पिवळा पक्षी आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा तिरसट ऑस्कर रस्त्यावर वावरू लागले. तज्ञांचे मत मुलांच्या वर्तनावरून बदलावे लागल्याचे हे उदाहरण बालकार्यक्रमांच्या इतिहासात महत्त्वाचे मानावे लागेल.

मालिकेची पार्श्वभूमीही नवी होती. परीकथेतील राजवाड्याऐवजी शहरातील जुन्या चाळवजा इमारती, जिने व कोपऱ्यावरचे दुकान दिसे आणि कृष्णवर्णीय व गौरवर्णीय माणसे शेजारी म्हणून एकत्र नांदत. एवढ्याच कारणावरून मिसिसिपी राज्याच्या शैक्षणिक दूरचित्रवाणी मंडळाने मे १९७० मध्ये मालिकेवर बंदी घातली. मात्र लोकमताच्या दडपणामुळे ती त्याच महिन्यात उठवावी लागली. कोपऱ्यावरचे दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली १९८२ मध्ये निवर्तले. दुसरा नट घ्यावा, की हूपर दूरगावी गेले असे सांगावे, असे पर्याय पुढे होते. निर्मात्यांनी मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेऊन मुलांना मृत्यूविषयी खरे सांगण्याचे ठरविले. आजारी पडलेला प्रत्येकजण मरतो, अशी धास्ती मुलांनी घेऊ नये म्हणून आजाराचा उल्लेख टाळला. नोव्हेंबर १९८३ मधील या भागात बिग बर्ड स्वतः काढलेली चित्रे सर्वांना वाटतो, हूपर यांचे चित्र द्यायला त्यांची वाट पाहतो आणि ते आता परत येणार नाहीत, असे मोठी माणसे त्याला सांगतात. चित्रवाणीने मुलांशी एवढ्या सरळपणे बोलल्याचे प्रसंग विरळाच.

मूल उद्दिष्ट कितपत साधले, हा प्रश्न मात्र वादग्रस्त ठरला. ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ या संस्थेच्या सॅम्युएल बॉल व गेरी ॲन बोगॅट्झ यांनी पहिल्या वर्षाचे मूल्यमापन केले (१९७०). मालिका न पाहणारा गट तुलनेसाठी घेतला होता. पण त्यातीलही बरीच मुले ती पाहत असल्याचे आढळून आले, तेव्हा पाहण्याच्या प्रमाणानुसार गटांची फेररचना करावी लागली. अधिक पाहणारी मुले अधिक शिकली, असा निष्कर्ष निघाला. पुढे टॉमस कुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच सामग्री पुन्हा तपासली (१९७५) व निराळी शंका उपस्थित केली : सुस्थितीतील पालक मुलांना सोबत घेऊन बसतात, शिकलेले घटवून घेतात, तेव्हा सर्वांनाच लाभ झाला, तरी अंतर कमी न होता वाढण्याचा संभव आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९७१ मध्ये मालिका नाकारली. तेथील बालकार्यक्रमांच्या प्रमुख मोनिका सिम्स यांना तिच्यातील उद्दिष्टांत हुकूमशाही वृत्ती दिसली. अतिजलद दृश्यांमुळे मुलांचे अवधान विस्कळित होते, असाही आक्षेप घेतला जाई.

या वादाला बऱ्याच काळाने नवा पुरावा मिळाला. प्रारंभीच्या काळात अनेक शहरांत ही मालिका अतिउच्च कंप्रतेच्या वाहिन्यांवरून दाखविली जाई व जुन्या संचांवर त्या नीट दिसत नसत. त्यामुळे अमेरिकेतील सु. एकतृतीयांश लोकसंख्येला ती पाहणे कठीण होते. मेलिसा कीर्नी व फिलिप लिव्हाइन या अर्थशास्त्रज्ञांनी या योगायोगाचा उपयोग करून २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले, की जेथे मालिका चांगली दिसत होती, तेथील त्या पिढीची मुले वयानुरूप इयत्तेत असण्याचे प्रमाण अधिक होते. आर्थिक दृष्ट्या मागास भागांत हा परिणाम ठळक होता. प्रौढपणीच्या शिक्षणावर व मिळकतीवर झालेला परिणाम मात्र स्पष्टपणे सिद्ध झाला नाही.

ब्राझील व मेक्सिको (१९७२) आणि जर्मनी (१९७३) येथे स्थानिक सहनिर्मितीतून मालिकेची रूपे निघाली. दक्षिण आफ्रिकेच्या आवृत्तीत २००२ मध्ये एचआयव्हीबाधित बाहुलीचे पात्र आले. भारतात गली गली सिम सिम ही हिंदी आवृत्ती २००६ मध्ये सुरू झाली व ती खाजगी वाहिन्यांबरोबरच दूरदर्शनवरही दाखविण्यात आली. तिच्यातील चमकी ही शाळेचा गणवेश घालणारी पाच वर्षांची मुलगी असून, मुलींच्या शिक्षणाचा विषय तिच्या द्वारे मांडण्यात आला.

आर्थिक अडचणींमुळे २०१६ पासून मूळ मालिकेचे नवे भाग प्रथम एचबीओ या सशुल्क वाहिनीवर व नऊ महिन्यांनंतर सार्वजनिक वाहिनीवर दाखविले जाऊ लागले. गरीब घरांसाठी जन्मलेली मालिका त्यांनाच उशिरा मिळावी, या विसंगतीवर साहजिकच टीका झाली. २०२५ मध्ये नेटफ्लिक्सशी झालेल्या करारात नवे भाग सार्वजनिक वाहिनीवरही त्याच दिवशी दाखविण्याची तरतूद करण्यात आली.