अंमलबजावणीपुरते मुख्याध्यापक

राज्याच्या शैक्षणिक धोरणावर बोलायचे म्हटले की मंत्रालय, पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि शिक्षक संघटना डोळ्यांसमोर येतात. शाळेचे प्रशासन ज्याच्या अंगावर आहे तो मुख्याध्यापक शासन निर्णयाच्या शेवटाकडे, 'जबाबदारी राहील' या शब्दांपाशी भेटतो. धोरण ठरताना त्याला विचारायचे नाही आणि ठरल्यावर मात्र त्याला प्रशिक्षण द्यायचे, ही आपली रीत. यात धोरण आणि प्रशिक्षण दोन्ही पोकळ होतात, असे माझे म्हणणे आहे.

गणवेशाचे उदाहरण घ्या. पूर्वी समग्र शिक्षा योजनेतून दोन गणवेशांसाठी मुलामागे 600 रुपये शाळा व्यवस्थापन समितीकडे येत आणि गावचा किंवा तालुक्याचा शिंपी शाळेत येऊन मापे घेई. 2024-25 मध्ये 'एक राज्य एक गणवेश' आले. कापडाची खरेदी राज्य पातळीवरून झाली आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेली. गणवेश वेळेत पोचले नाहीत. पोचले त्यातले कुठे आखूड, कुठे ढगळ, अशा तक्रारी जिल्ह्याजिल्ह्यांतून आल्या. अखेर डिसेंबर 2024 मध्ये खरेदीचा अधिकार पुन्हा समितीकडे देण्याचे ठरले. एकाच इयत्तेतल्या दोन मुलांच्या उंचीत वीतभर फरक असतो, हे ज्याला रोज प्रार्थनेच्या रांगेत दिसते त्याला आधी विचारायला काय हरकत होती? पाठ्यपुस्तकातच वहीची पाने बांधण्याचा प्रयोग 2023 मध्ये सुरू झाला आणि जानेवारी 2025 मध्ये गुंडाळला गेला, त्याचीही गत वेगळी नाही. पुस्तकात पाने असूनही मुले वह्या आणतच राहिली.

आता प्रशिक्षण. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा धरते. 2019 च्या 'निष्ठा' कार्यक्रमात शाळाप्रमुखांचा वेगळा विचार होता. म्हणजे सोय नाही असे नाही. अडचण वेळेची आणि आशयाची आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट 150 च्या वर गेला तर. वाडीवस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत म्हणूनच प्रभारी मुख्याध्यापक दोन-तीन वर्ग एकत्र शिकवतो, यूडायस पोर्टलवर शाळेची माहिती भरतो आणि पोषण आहाराचा साठाही मोजतो. अशा माणसाच्या बैठकांत नेतृत्वाची गोष्ट मागे पडते आणि नवी लिंक कशी भरायची हेच सांगितले जाते. ज्याला निर्णय घ्यायचाच नाही, त्याला निर्णयक्षमता शिकवून तरी काय होणार?

यावर पहिला आक्षेप असा की प्रतिनिधित्व आहेच. विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 7 शिक्षक मतदारसंघाच्या आहेत. पण राज्यघटनेच्या 171 व्या अनुच्छेदानुसार तिथे मत आहे ते माध्यमिक दर्जापासून वरच्या संस्थांतल्या शिक्षकांना. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक त्या यादीबाहेरच. शिवाय संघटना बोलतात त्या प्रामुख्याने वेतन, बदल्या, निवृत्तिवेतन यांवर. ते त्यांचे कामच आहे, पण त्यातून शाळा कशी चालते हे उमगत नाही. दुसरा आक्षेप जड आहे. खाजगी माध्यमिक शाळांत 1981 च्या नियमावलीनुसार पद मुख्यतः सेवाज्येष्ठतेने मिळते, तेव्हा त्या खुर्चीवरचा माणूस धोरणावर बोलायला तयार असेलच असे कसे म्हणावे? शंका खोटी नाही. अनेकांना हे पद निवृत्ती तोंडावर आल्यावरच मिळते. मात्र ही तयारी भाषणे ऐकून येत नाही. मसुदा हातात घेऊन तो आपल्या शाळेत कुठे अडेल हे लिहून काढावे लागते, तेव्हा ती येते. तिसरा आक्षेप गैरव्यवहाराचा: खरेदी खाली दिली की हात ओले होतात. पण समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि ज्यांच्या पोराच्या अंगावर तो सदरा चढतो त्यांची नजर मंत्रालयापेक्षा तीक्ष्ण असते. तरीही तिथे ढिलाई होते, हे मान्य. त्यावर उपाय लेखापरीक्षणाचा आहे. त्यासाठी अधिकार काढून घेण्याची गरज नाही.

मुख्याध्यापकांना आधी विचारण्यासाठी नवी संस्था उभारायला नको. केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा होतातच, फक्त त्यांचे विषय बहुधा वरून ठरून येतात. शाळेच्या वेळा, साहित्य, मूल्यमापन यांना हात घालणारा प्रत्येक मसुदा अंतिम होण्याआधी महिनाभर या परिषदांत ठेवावा. केंद्रप्रमुखाने हरकती लेखी कळवाव्यात आणि शासन निर्णयाच्या प्रस्तावनेत त्यांतल्या कोणत्या मानल्या, कोणत्या नाकारल्या आणि का, एवढे नोंदवावे. या कामाचे तास त्या 50 तासांत धरले तर मुख्याध्यापकाला वेगळी रजाही लागणार नाही.