भांडुपच्या खाडीकाठी

मोहोळ तालुक्याच्या दक्षिण हद्दीवर, बेगमपूरच्या नदीकाठी उभे राहून भीमेचे पाणी पाहणाऱ्या माणसाला समुद्राकडच्या मलजल केंद्राचे काय अगत्य, असे कोणी विचारील. परंतु वरच्या अंगाला वसलेल्या शहराने पात्रात काय सोडले, याची काळजी ज्याला दर उन्हाळ्यात करावी लागते, त्याला मुंबईचे मैलापाणी कोणत्या वाटेने जाते हे पाहण्याची इच्छा होणे मला तरी स्वाभाविक वाटते.

पूर्व द्रुतगती महामार्ग सोडून मिठागरांच्या बाजूने खाडीकडे वळले, म्हणजे ज्याला आसपासचे लोक नुसते ‘भांडुप पंपिंग’ म्हणतात ते महापालिकेचे केंद्र लागते. गजांच्या जाळ्यांत अडकलेल्या चिंध्या आणि प्लॅस्टिक बाजूला काढून, वाळू खाली बसवून, उरलेले पाणी विस्तीर्ण तलावांत घ्यावयाचे आणि यंत्रांनी ते घुसळून त्यात हवा मिसळावयाची, म्हणजे त्या प्राणवायूवर जगणारे सूक्ष्म जीव त्यातील घाण खाऊन टाकतात, अशी येथील जुनी रीत. यंत्राच्या पात्यांभोवती तपकिरी फेसाचे कडे सारखे फिरत असते. त्याच्याकडे पाहताना मला आमच्याकडील गुऱ्हाळातली उकळती कढई आठवली. तेथेही वर आलेली मळी काढल्यावाचून रस निवळत नाही. वरळी आणि वांद्रे येथे समुद्राच्या तळाखालून सुमारे ३.४ किलोमीटर लांबीचे बोगदे नेऊन पाणी दूर सोडण्याची तजवीज आहे. भांडुपचे पाणी मात्र ठाण्याच्या उथळ खाडीत जाते, आणि भरती-ओहोटी ते पुनःपुन्हा मागेपुढे नेते.

त्या खाडीचे वर्णन करताना लेखणी रेंगाळते, त्याला इलाज नाही. तिवरांची गर्द रांग ओलांडून होडी पुढे गेली आणि ओहोटीने चिखलवट उघडी पडली, म्हणजे सहस्रावधी रोहित पक्षी एकाच वेळी माना खाली घालून चरताना दिसतात. बाकदार चोच उलटी करून पाणी आत ओढावयाचे, जिभेने ते बाहेर लोटावयाचे आणि चोचीच्या कडांवरील बारीक झालरीत अडकलेले शैवाल तेवढे गिळावयाचे, हा छोट्या रोहिताचा उद्योग घटकाभर पाहिला तरी पुरे होत नाही. पिसांचा गुलाबी रंगही त्या शैवालातलाच. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांनी ते शैवाल माजते व म्हणून पक्षी येतात, असे अनेक पक्षी-अभ्यासक मानतात. परंतु पक्षी आले म्हणून पाणी निर्मळ झाले, असा निर्वाळा कोणी देऊ नये. त्याच खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याला मासळीआधी पिशव्याच वेचाव्या लागतात.

शासनाने २०१५ साली या खाडीचा भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य ठरविला. २०२२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर स्थळाचा मान मिळाला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या सात नव्या केंद्रांचे भूमिपूजन झाले. त्यांची एकूण क्षमता दररोज २,४६४ दशलक्ष लीटर असून त्यांत भांडुपचा वाटा २१५ दशलक्षांचा आहे. अभयारण्याचा हुकूम आधी आणि पाण्याचा बंदोबस्त मागून, हा क्रम मला खटकतो.

रोहित आपणांस परके नाहीत. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणच्या उथळ पाण्यात, मोठे रोहित दरसाल उतरतात; आणि त्या पाण्यात रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळालेली मुळा-मुठा पुण्याचा मैला घेऊन आलेली असते. जपानी कर्जाच्या साहाय्याने पुण्यात व्हावयाच्या अकरा केंद्रांची क्षमता दररोज ३९६ दशलक्ष लीटर सांगितली आहे, आणि त्यांतले प्रत्येक केंद्र कधी व कसे चालते हा मामला पुण्याइतकाच मोहोळचाही आहे. मुंबईच्या मैल्याला अखेर समुद्र तरी आहे. उजनीतून सुटलेले पाणी पंढरपुरी वारकऱ्यांच्या स्नानाला पुरून, पुढे बेगमपूरच्या पुलाखालून आमच्या शेतमळ्यांच्या कडेने जाते, आणि त्यात बुडविलेली घागर कोणीतरी डोक्यावर घेऊन घरी नेत असते.