पाळणाघरात घातलेले मूल वरचेवर आजारी का पडते?



लागण, खोडवा, पाचट यांवर लिहिणाऱ्या माणसाने लेकरांच्या दुखण्यावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण गट कार्यालयात आणि बांधावर उसाच्या खालोखाल हाच विषय निघतो. गेल्या हंगामात एका सभासदांच्या घरी तोडीचे सांगायला गेलो, तर घरात वाद जुंपलेला. सून तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरीला लागलेली, आणि दीड वर्षाचा नातू पाळणाघरात. चार महिन्यांत पाच वेळा सर्दी-ताप, दोनदा जुलाब. आजीचे म्हणणे, "घरात होतं तवर पोर ठणठणीत होतं. नोकरी सोड." सुनेने राजीनामा लिहून पिशवीत ठेवलेला. सभासद मला म्हणाले, "साहेब, तुम्हीच काय ते सांगा."

माझा डिप्लोमा शेतीचा, डॉक्टरकीचा नव्हे. म्हणून त्यांना म्हटले, विचारून सांगतो. आपल्या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांपाशी बसून जे समजून घेतले, ते सर्वच सभासदांच्या उपयोगाचे वाटले. सबब येथे देत आहे. अंगणवाडी आणि बालवाडीतल्या मुलांनाही ते लागू आहे.

आजार का होतात?

आईकडून मिळालेली रोगप्रतिकाराची शिदोरी पहिल्या सहा महिन्यांत बरीचशी संपते. पुढे मुलाला आपली स्वतःची ताकद कमवावी लागते. सर्दी आणणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत. एकाची ओळख पटली म्हणून दुसरा सोडत नाही. घरी राहणाऱ्या लहान मुलालाही वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होते. दहा-पंधरा मुलांत राहणाऱ्याला पहिल्या वर्षी दहा-बारा वेळाही होऊ शकते. त्यातून सर्दी गेली तरी खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. म्हणजे आईबापांना वाटते की पोर बरेच होत नाही. खरे पाहता एक दुखणे संपून दुसरे सुरू झालेले असते.

शेडनेटमधले रोप रानात लावल्यावर काही दिवस मलूल होते. म्हणून ते कोणी उपटून टाकत नाही. मुळी धरली की ते उभे राहते. मुलांचेही तसेच आहे. अमेरिका आणि कॅनडात मुलांची वर्षानुवर्षे नोंद ठेवून पाहणी झाली. लहानपणी पाळणाघरात जास्त आजारी पडलेली मुले पुढे शाळेत गेल्यावर इतरांपेक्षा कमी आजारी पडतात, असे त्यात दिसले. तेव्हा आजारपण वरचेवर आले, एवढ्यावरून मूल कमजोर आहे किंवा आईचे चुकले, असे ठरवू नये. मधल्या काळात ते हसते-खेळते का, खाते का आणि वजन वाढते का, हे पाहावे. अंगणवाडीत दरमहा वजन होते, त्याची नोंद ताईंना विचारून पाहत जावी.

सुई आणि 'पावरबाज' औषध

सर्दी झाली की "डॉक्टर, सुई मारा" हा आपला हट्ट असतो. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविक औषध चालते जिवाणूंवर. हुमणी लागलेल्या उसाला बुरशीनाशक मारण्यासारखेच ते झाले. खर्च होतो आणि उपयोग शून्य. उलट पोट बिघडते, आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा औषध लागू न पडण्याचा धोका वाढतो. उरलेली जुनी बाटली तर कधीच वापरू नये.

खोकल्याच्या औषधाबाबत विशेष सावध राहावे. २०२५ साली मध्य प्रदेशात दूषित खोकल्याचे औषध पिऊन लहान मुले दगावली. त्यानंतर केंद्र सरकारने सूचना काढली, ती अशी: दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा वापरू नयेत. साधा उपाय म्हणजे अंगावरचे दूध चालू ठेवणे, कोमट पाणी व पेज थोडी थोडी पाजणे आणि नाक साफ ठेवणे. वर्षाच्या वरच्या मुलाला चमचाभर मध चालतो, वर्षाच्या आत मुळीच देऊ नये. तापावर पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टर सांगतील तेवढेच द्यावे.

जुलाब लागल्यास

जुलाबात मूल दगावते ते अंगातले पाणी गेल्याने. "जुलाब लागलेत, पाणी देऊ नका" ही समजूत घातक आहे. जलसंजीवनीची, म्हणजे ओ.आर.एस.ची पुडी आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मिळते. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खी पुडी घालावी. मोठ्या पुडीला एक लिटर पाणी लागते. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप चमच्या-चमच्याने पाजावे. दुकानातले गोड रंगीत पेय म्हणजे जलसंजीवनी नव्हे. सोबत झिंकची गोळी १४ दिवस पुरी करावी. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नये.

ही पुडी किती मोलाची आहे पाहा. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ होती. सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचे पाणी पाजले आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते ४ च्या खाली आणले.

तातडीने दवाखाना केव्हा?

मूल शांत असताना किंवा झोपेत पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाणे, काहीच न पिणे, सर्व उलटून टाकणे, झटके, सुस्त पडणे, डोळे खोल जाणे किंवा शौचात रक्त, यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. दोन महिन्यांखालील बाळाला ताप आला तरी लगेच दाखवावे. दोन आठवड्यांवर खोकला, वजनात घट किंवा पुन्हा पुन्हा न्यूमोनिया असेल, तर त्याला 'पाळणाघराचे दुखणे' म्हणून सोडून देऊ नये. तपासणी करावी.

आपल्या हाती काय आहे?

१. लसीकरण कार्ड काढून पाहा. गोवर-रुबेलाचे दोन डोस (९ ते १२ आणि १६ ते २४ महिने), न्यूमोनिया व रोटाव्हायरसची लस आणि 'अ' जीवनसत्त्वाचे डोस राहिले नाहीत ना, याची खात्री करा.

२. साबणाने हात धुवा. शौचानंतर, मुलाची शी काढल्यावर आणि भरवण्यापूर्वी हात धुतल्याने जुलाब सुमारे तिसऱ्या हिश्श्याने कमी होतात. पाळणाघरात साबण व स्वच्छ पाणी आहे का, हे आधी पाहा.

३. ताप, जुलाब, उलटी असलेले मूल पाळणाघरात पाठवू नका. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तर पाठवावे. नुसत्या गळत्या नाकाला घरी बसवण्याची गरज नाही.

४. धूर टाळा. चुलीचा, विडी-सिगारेटचा आणि पाचटाचाही. पाचट ठेवल्याने जमीन सुधारते हे मी दरवर्षी सांगतो. त्या धुराने लहान मुलांच्या छातीला त्रास होतो, हे कारण यंदा त्यात जोडतो.

५. पाळी वाटून घ्या. पोर आजारी पडले की दर वेळी आईनेच रजा घ्यावी, असा काही उपविधी नाही. बाप, आजा, आजी यांनी एकेक दिवस उचलावा.

हे सारे त्या सभासदांच्या घरी बसून सांगितले. सून काही बोलली नाही. आजीने मात्र श्वास कसा मोजायचा ते दोनदा विचारून घेतले. जानेवारीत एका रात्री तिने मोजले तर ५२ भरले. तशीच मुलाला उचलून दवाखान्यात गेली. न्यूमोनियाची सुरुवात होती, वेळेवर औषध मिळाले. परवा भेटल्यावर म्हणाली, "नाक अजून गळतंयच, पण आता भ्या वाटत नाही." सुनेची नोकरी चालू आहे. त्या घराने यंदा पाचटही पेटवलेले नाही.

— ऊस विकास अधिकारी