अॅव्हरेजची डबी

पिंपरी-चिंचवडमध्ये नव्या गाडीचे पेढे हातात पडले की पहिला प्रश्न ठरलेला : ‘अॅव्हरेज किती देते?’ विचारणारा बहुधा याच पट्ट्यातल्या कुठल्या तरी कारखान्यात पिस्टन, गिअर किंवा वायरिंग घडवण्याच्या कामात असतो. अशा जाणकार गावातही अॅव्हरेज वाढवून देणाऱ्या वस्तू खपतात, ही गंमत आहे. पेट्रोलच्या नळीला बांधायचे चुंबक, हवेच्या वाटेत बसवायचे पाते, टाकीत टाकायच्या गोळ्या आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायची, हिरवा दिवा लुकलुकणारी डबी.

या मोहाला कारणही आहे. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या चारचाकींचे अॅव्हरेज त्यामुळे 6 ते 7 टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच होता. घरखर्चाच्या वहीत ही घट दिसते, आणि मग डबी आठवते.

कार्ब्युरेटरच्या काळात कोपऱ्यावरच्या मेकॅनिकच्या हातात खरोखरच काही होते. आकुर्डीहून निघालेल्या चेतकचा जेट बदलून, स्क्रू पाव आटा फिरवून तो पेट्रोल कमी करू शके. पण त्या टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइलही पेट्रोलमधूनच मिळे. पेट्रोल फार कापले की इंजिन तापे आणि एखाद्या चढावर पिस्टन जाम होई. वाचलेले पैसे मग बोअरिंगवाल्याकडे जात.

आताच्या गाडीत तो स्क्रूच उरलेला नाही. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर धुराची क्षणोक्षणी झडती घेतो आणि त्यावरून गाडीतला संगणक किती पेट्रोल सोडायचे ते ठरवतो. बाहेरून कोणी हवा वाढवली तर तो हिशेब पुन्हा जागेवर आणतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 मध्ये आजच्या धाटणीच्या गाड्यांचे एअर फिल्टर मुद्दाम तुंबवून पाहिले. गाड्यांची ओढ कमी झाली, अॅव्हरेज मात्र जवळपास होते तेवढेच राहिले.

‘यामुळे पेट्रोल पूर्ण जळते’ हे विक्रेत्याचे पेटंट वाक्य. निरोगी इंजिनात शंभरातले 95 हून अधिक भाग पेट्रोल जळतेच. खरी गळती उष्णतेची आहे. निम्म्याहून जास्त ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जाते, आणि ती नळीला बांधलेल्या चुंबकाने अडत नाही.

तरीही शेजारचे भाऊसाहेब शपथेवर सांगतात की फरक पडला. ते खोटे बोलत नाहीत. त्यांनी टाकी फुल केली, किलोमीटर मोजले, पुन्हा फुल केली. पण नाशिक फाट्याहून चाकणला रविवारी सकाळी जाणे आणि सोमवारी संध्याकाळी तळेगाव चौकात अडकणे, एवढ्यानेच अॅव्हरेज डबीच्या दाव्याहून जास्त हलते. शिवाय पैसे मोजून काही बसवले की माणूस महिनाभर हलक्या पायाने गाडी चालवतो.

मोजायची खरी पद्धत आपल्या दारातच आहे. शोरूममध्ये ज्या ‘एआरएआय’चे नाव घेतात, ती 1966 ची संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे, चाकणलाही तिचे केंद्र आहे. तिथे गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या वेगांनी सुमारे 20 मिनिटे पळवतात आणि धुरातल्या कार्बनवरून किती पेट्रोल जळले ते काढतात. रस्ता, वारा, ड्रायव्हरची मर्जी, सगळे वजा. डबीवाल्याकडे असा डबीसह आणि डबीविना काढलेला कागद मागावा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने शंभराहून अधिक उपकरणे तपासली. थोडाफार गुण दिसला तो मोजक्यांतच.

रीमॅपिंगची गोष्ट थोडी वेगळी. तिथे संगणकाचा हिशेबच बदलतात आणि गाडीत फरक जाणवतो, विशेषतः टर्बो डिझेलमध्ये. पण तो मूळ हिशेब धुराचे नियम सांभाळून बसवलेला असतो. तो मोडला की वॉरंटी धोक्यात. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

खिशाला हमखास परवडणारा एकच बदल मला दिसतो, तो सीएनजी किटचा, आणि तोही रोजची धाव मोठी असेल तरच. तिथे इंजिन सुधारत नाही, इंधन स्वस्त पडते इतकेच. किट मान्यताप्राप्त हवे, आरसी बुकात त्याची नोंद हवी, विमा कंपनीला कळवायला हवे, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाबचाचणी करायला हवी. डिकीची जागा मात्र सिलिंडर घेतो. दिवाळीत गावी निघताना फराळाचे डबे मागच्या सीटवर, वहिनींच्या मांडीवर बसतात.