इंग्रजी भाषा-प्रावीण्य परीक्षेची तयारी : चुकांचे निदान आणि मराठीच्या ज्ञानाचे साहाय्य

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणास :
- संपादन परीक्षा आणि प्रावीण्य परीक्षा यांतील भेद स्पष्ट करता येईल.
- आयईएलटीएस या परीक्षेचे स्वरूप व गुणदान-पद्धती सांगता येईल.
- मराठी भाषक विद्यार्थ्याच्या इंग्रजीतील चुकांचे कारणांनुसार वर्गीकरण करता येईल.
- त्या वर्गीकरणाच्या आधारे तयारीची दिशा ठरवता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, मराठीची ध्वनिव्यवस्था व वाक्यरचना यांचा परिचय आपण करून घेतला आहे. या ज्ञानाचा व्यवहारात काय उपयोग, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. त्याचे एक उत्तर या घटकात पाहावयाचे आहे. परदेशी उच्च शिक्षणासाठी, परिचारिकेच्या नोकरीसाठी किंवा स्थलांतरासाठी इंग्रजीची प्रावीण्य परीक्षा द्यावी लागते. आपल्यापैकी काहीजण ती स्वतः देतील. काहीजण शिकवणी वर्गात, शाळेत किंवा घरातल्या भावंडांना तिच्यासाठी तयार करतील. ही तयारी करून घेणाऱ्यास इंग्रजी तर यावेच लागते. पण विद्यार्थ्याची मातृभाषा कशी चालते याचे भान असेल, तर त्याचे काम पुष्कळ नेमके होते. तयारीचा आरंभ पाठांतराने न होता चुकांच्या निदानाने व्हावा, हे या घटकाचे मुख्य प्रतिपादन आहे.

४.२ संपादन परीक्षा आणि प्रावीण्य परीक्षा

शाळा-महाविद्यालयांतील परीक्षा ही संपादन परीक्षा असते. अभ्यासक्रम ठरलेला असतो आणि त्यातील किती भाग विद्यार्थ्याने आत्मसात केला, हे ती मोजते. प्रावीण्य परीक्षेला असा अभ्यासक्रम नसतो. उमेदवार कोठे शिकला, कोणते पुस्तक वाचले, याच्याशी तिला कर्तव्य नसते. आज या भाषेत तो काय करू शकतो, एवढेच ती पाहते.

या परीक्षांचा इतिहास उद्बोधक आहे. १९१३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने इंग्रजीच्या प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. तिच्यात भाषांतर, व्याकरण, ध्वनिशास्त्र, निबंध व वाङ्मय यांचा समावेश होता. पहिल्या वर्षी ३ उमेदवार बसले आणि एकही उत्तीर्ण झाला नाही. त्या परीक्षेत भाषेविषयीच्या ज्ञानाला मोठे स्थान होते. पुढे भर हळूहळू भाषेच्या प्रत्यक्ष वापराकडे वळला. अमेरिकेत १९६४ मध्ये टोफेल ही परीक्षा सुरू झाली. ब्रिटनमध्ये १९८० मध्ये ईएलटीएस आली आणि तिच्यातूनच १९८९ मध्ये आयईएलटीएस सिद्ध झाली. बोलण्यात आपण तिला 'आयल्ट्स' म्हणतो. या घटकात तीच परीक्षा उदाहरणादाखल घेतली आहे.

४.३ आयईएलटीएसचे स्वरूप

या परीक्षेचे दोन प्रकार आहेत. 'अकॅडेमिक' हा प्रामुख्याने उच्च शिक्षणासाठी, तर 'जनरल ट्रेनिंग' हा प्रामुख्याने स्थलांतर व कामाच्या प्रयोजनासाठी असतो. दोन्हींत चार कौशल्ये तपासली जातात.

१. श्रवण : सुमारे ३० मिनिटे, ४ भाग, ४० प्रश्न. ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवले जाते.

२. वाचन : ६० मिनिटे, ४० प्रश्न. म्हणजे उतारा वाचण्याचा वेळ धरून एका प्रश्नास सरासरी दीड मिनिट मिळते.

३. लेखन : ६० मिनिटे, दोन कृती. पहिली किमान १५० शब्दांची, दुसरी किमान २५० शब्दांची. अकॅडेमिक प्रकारात पहिली कृती आलेख, तक्ता किंवा आकृतीच्या वर्णनाची असते. जनरल ट्रेनिंगमध्ये तेथे पत्र असते. दुसरी कृती दोन्हींत निबंधाची असते आणि तिला पहिलीच्या दुप्पट महत्त्व असते.

४. संभाषण : ११ ते १४ मिनिटे, परीक्षकासमोर, ३ भागांत. दुसऱ्या भागात विषयपत्रिका देऊन विचारासाठी १ मिनिट देतात. त्यानंतर सुमारे २ मिनिटांपर्यंत सलग बोलावयाचे असते.

या परीक्षेत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल नसतो. प्रत्येक कौशल्यास ० ते ९ या मापनात 'बँड' दिला जातो. अर्धा बँडही असतो. चारही बँडांची सरासरी जवळच्या अर्ध्या बँडापर्यंत नेऊन एकूण बँड ठरतो. सरासरीत .२५ आल्यास तो वरच्या अर्ध्या बँडास आणि .७५ आल्यास वरच्या पूर्ण बँडास नेतात.

हे गणित विद्यार्थ्यास नीट समजावून द्यावे. समजा, एका परिचारिकेस श्रवणात ७, वाचनात ७, लेखनात ६ आणि संभाषणात ७ बँड मिळाले. सरासरी ६.७५ येते, म्हणजे एकूण बँड ७. आता ब्रिटनमधील नर्सिंग अँड मिडवायफरी काउन्सिलची अट पाहा : एकूण ७; वाचन, श्रवण व संभाषणात प्रत्येकी ७; लेखनात ६.५. एकूण ७ मिळूनही या गुणांवर तिची अट पूर्ण होत नाही. लेखनातील अर्धा बँड तिला नोकरीपासून दूर ठेवतो. अशा विद्यार्थिनीस पुन्हा सर्व काही सारखेच शिकवत बसणे हा तिच्या वेळेचा व पैशाचा अपव्यय होय. अर्धा बँड कोठे गेला, हे शोधणे आवश्यक असते.

४.४ चूक ही खूण आहे : सैद्धान्तिक भूमिका

रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मध्ये मातृभाषा आणि शिकावयाची भाषा यांच्या पद्धतशीर तुलनेवर भर दिला. जेथे दोन भाषांची रचना वेगळी, तेथे अडचण संभवते, असा त्यांचा विचार होता. या तुलनेस व्यतिरेकी विश्लेषण म्हणतात. १९६७ मध्ये पिट कॉर्डर यांनी दाखवून दिले, की शिकणाऱ्याची चूक म्हणजे केवळ दोष नव्हे. त्याच्या मनात भाषेचा कोणता नियम तयार झाला आहे, याची ती खूण असते. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये शिकणाऱ्याच्या या मधल्या भाषेचा सविस्तर विचार केला. तिला आपण आंतरभाषा म्हणतो.

या विचारांच्या आधारे चुकांचे तीन गट करता येतात : (अ) मराठीच्या वळणामुळे होणाऱ्या चुका, (आ) इंग्रजीचाच नियम गरजेपेक्षा अधिक ताणल्यामुळे होणाऱ्या चुका, आणि (इ) परीक्षेची अपेक्षा न कळल्यामुळे होणाऱ्या चुका. प्रत्येक गटावरील उपाय निराळा आहे.

४.५ मराठीच्या वळणामुळे होणाऱ्या चुका

कालवाचक रचना : 'मी दोन वर्षांपासून पुण्यात राहतो' आणि 'मी २०१८ पासून पुण्यात राहतो' या दोन्ही वाक्यांत मराठी 'पासून' हे एकच शब्दयोगी अव्यय वापरते आणि क्रियापद वर्तमानकाळी ठेवते. म्हणून विद्यार्थी 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टू इयर्स' असे म्हणतो. इंग्रजीत कालावधीसाठी 'फॉर' आणि आरंभबिंदूसाठी 'सिन्स' असा भेद आहे. शिवाय क्रियापद 'हॅव बीन लिव्हिंग' असे यावे लागते. एका वाक्यात दोन चुका दिसतात, पण दोन्हींचे मूळ एका मराठी रचनेत आहे.

उपपदे : 'मी काल एक पुस्तक घेतले. पुस्तक चांगले आहे.' येथे दुसऱ्या वाक्यातील 'पुस्तक' कोणते, हे मराठी वाचकास संदर्भावरून कळते. इंग्रजीत तेथे 'द' हे उपपद लागते. मराठीत उपपद नसल्याने ते गळते. 'द कोठे वापरावा' याचे नियम पाठ करून घेण्याऐवजी विद्यार्थ्यास विचारावे : 'ही वस्तू ऐकणाऱ्यास आधीच माहीत आहे काय?' उपपदाचे सर्व उपयोग याने सुटत नाहीत. पण नेहमीच्या वापरातील बरीच उकल होते.

कर्ता : 'पाऊस पडतो आहे', 'उशीर झाला' ही मराठी वाक्ये पूर्ण आहेत. इंग्रजीत 'इट इज रेनिंग', 'इट इज लेट' असा औपचारिक कर्ता द्यावा लागतो. तसेच मराठीत संदर्भावरून कर्ता कळत असल्याने 'उद्या येतो' एवढे पुरते. इंग्रजीत 'आय' वगळता येत नाही.

उच्चार : मराठीत 'व' एकच आहे, इंग्रजीत 'वाइन' असे आपण लिहितो त्या लिपीत दोन भिन्न शब्द सामावतात, एक द्राक्षवेलीसाठी आणि एक मद्यासाठी. पहिल्याच्या आरंभी खालचा ओठ वरच्या दातांना लागतो. दुसऱ्याच्या आरंभी दोन्ही ओठ गोल होतात. ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच. 'दिन' आणि 'दीन' हे शब्द आपण लिहिताना वेगळे लिहितो, पण बोलताना बहुधा सारखेच उच्चारतो. ही सवय इंग्रजीत गेली, की 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी यांत गोंधळ होतो. मात्र विद्यार्थ्यास एक आश्वासन अवश्य द्यावे : परीक्षक मराठी वळणाचे गुण कापत नाही. ऐकणाऱ्यास बोलणे सहज समजते काय, हे तो पाहतो.

४.६ नियम अधिक ताणल्यामुळे होणाऱ्या चुका

'तो कोठे राहतो?' आणि 'तो कोठे राहतो ते मला माहीत नाही' या दोन्हींत मराठीचा शब्दक्रम तोच राहतो. इंग्रजीत प्रश्न विचारताना 'डज' पुढे येतो, हा नियम विद्यार्थी कष्टाने शिकतो आणि मग 'आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह' असे म्हणतो. ही चूक मराठीतून आलेली नाही. उलट मराठीप्रमाणे शब्दक्रम ठेवला असता तर वाक्य बरोबर आले असते. येथे नियम येत नाही असे नसून त्याची मर्यादा ठाऊक नाही. अशा वेळी नियम पुन्हा सांगण्यापेक्षा प्रत्यक्ष प्रश्न आणि वाक्यात गुंफलेला प्रश्न यांच्या जोड्या समोरासमोर लिहून घ्याव्यात.

४.७ परीक्षेची अपेक्षा न कळल्यामुळे होणाऱ्या चुका

वाचनात काही वेळा विधान 'बरोबर', 'चूक' की 'उताऱ्यात दिलेले नाही' हे ठरवावयाचे असते. पुढील वाक्य उतारा समजा : 'कृष्णा नदी महाबळेश्वर येथे उगम पावते आणि बंगालच्या उपसागरास मिळते.' आता तीन विधाने पाहा.

(१) कृष्णा बंगालच्या उपसागरास मिळते. (२) कृष्णा अरबी समुद्रास मिळते. (३) कृष्णा गोदावरीपेक्षा लांबीने कमी आहे.

पहिले बरोबर, दुसरे चूक. तिसरे वस्तुतः खरे आहे. तरीही उत्तर 'उताऱ्यात दिलेले नाही' हेच. आपले सामान्यज्ञान बाजूला ठेवून केवळ समोरच्या मजकुराला प्रमाण मानणे, ही येथे तपासली जाणारी शिस्त आहे. तिचा पहिला सराव मराठी वृत्तपत्रातील उताऱ्यावरही करून घेता येतो. श्रवण व वाचन यांत चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. म्हणून एकही उत्तर रिकामे सोडू नये. मात्र शुद्धलेखनाची चूक झाल्यास उत्तर ग्राह्य धरले जात नाही.

लेखनात शालेय निबंधाची सवय आड येते. सुवचनाने आरंभ, आलंकारिक वर्णन आणि उपदेशपर शेवट ही आपली परिचित चौकट आहे. येथे अपेक्षा असते ती प्रश्नास थेट उत्तर, प्रत्येक परिच्छेदात एक मुद्दा, त्याचे कारण व उदाहरण यांची. आलेखाच्या वर्णनात तर स्वतःचे मतही नको; ठळक बदल व तुलना तेवढी मांडावी. परीक्षक चार निकष लावतो : विचारलेल्याची पूर्तता, सुसंगती व जोडणी, शब्दसंपत्ती, आणि व्याकरणातील वैविध्य व अचूकता. यावरून पाठ केलेले 'नमुना उत्तर' का धोक्याचे, हे कळेल. भाषा निर्दोष असली तरी ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नसते आणि पहिल्याच निकषावर ते घसरते.

४.८ तयारीचा क्रम

प्रथम घड्याळ लावून एक पूर्ण सराव-परीक्षा घ्यावी. सर्व चुका एका वहीत उतरवून प्रत्येकीसमोर अ, आ किंवा इ अशी खूण करावी. 'अ' गटासाठी मराठी वाक्य व इंग्रजी वाक्य शेजारी लिहून रचनाभेद दाखवावा. 'आ' गटासाठी नियमाची मर्यादा दाखवणाऱ्या जोड्या कराव्यात. 'इ' गटासाठी प्रश्नप्रकारांचा वेळ लावून सराव घ्यावा. एका आठवड्यात दोन-तीनच चुका निवडाव्यात. संभाषणाच्या सरावासाठी सोबती नसल्यास भ्रमणध्वनीवर दोन मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून स्वतः ऐकावे. नोकरी व घर सांभाळून शिकणाऱ्यास रोजचा अर्धा तास पुरेसा उपयोगी पडतो. मात्र त्या अर्ध्या तासात काय करावयाचे, हे वहीने ठरवून दिलेले असावे. काही आठवड्यांनी दुसरी सराव-परीक्षा घेऊन वही पुन्हा पाहावी. कोणती खूण कमी झाली, यावर पुढची दिशा ठरते.

सारांश

प्रावीण्य परीक्षा ज्ञानाचा साठा मोजत नाही; ती भाषेच्या वापराची क्षमता मोजते. म्हणून तिची तयारी पाठांतराने होत नाही. विद्यार्थ्याच्या चुका मातृभाषेचे वळण, नियमाचा अतिविस्तार आणि परीक्षेच्या अपेक्षेचे अज्ञान या तीन कारणांनी होतात; कारण ओळखल्यावर उपाय सापडतो. हे निदान करण्यासाठी मराठीच्या रचनेचे ज्ञान हे प्रभावी साधन आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. एका उमेदवारास श्रवणात ६.५, वाचनात ६, लेखनात ५.५ आणि संभाषणात ७ बँड मिळाले. त्याचा एकूण बँड किती?

२. 'ही टोल्ड दॅट ही वॉज इल' ही चूक कोणत्या गटातील? 'त्याने सांगितले की' या रचनेच्या आधारे स्पष्ट करा.

३. आपल्या परिचयातील एका विद्यार्थ्याचे इंग्रजी लेखन मिळवून त्यातील दहा चुकांचे अ, आ, इ असे वर्गीकरण करा.

उत्तरे : (१) सरासरी ६.२५, एकूण बँड ६.५. (२) 'अ' गट. मराठीत 'सांगितले की' या रचनेत कोणाला सांगितले याचा उल्लेख ऐच्छिक असतो. इंग्रजीत 'टोल्ड' नंतर ऐकणाऱ्याचा उल्लेख करावा लागतो, अन्यथा 'सेड' वापरावे लागते. (३) आपले वर्गीकरण समंत्रण वर्गात चर्चेसाठी आणावे.