प्रवासातील एक कोरी दुपार

वाचकहो, प्रवासास निघताना आपण किती भरगच्च यादी करतो! सकाळी देऊळ, मग राजवाडा, दुपारी वस्तुसंग्रहालय, संध्याकाळी बाजार. घरी परतल्यावर सारे पाहिल्याचे समाधान असते. पण पाय दुखत असतात आणि काय कोठे पाहिले याचा मनात गोंधळ उडालेला असतो. यादीत एक दुपार कोरी ठेवावी, हे आम्हांस बंगळूरच्या लालबागेने शिकविले.

लालबाग म्हणताच मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे गिरणगाव आणि गणेशोत्सव उभा राहील. ही लालबाग निराळी. १७६० साली हैदर अलीने ती लावण्यास आरंभ केला. टिपू सुलतानाने दूरदेशीची रोपे आणवून ती वाढविली. आज तिचा विस्तार सुमारे २४० एकर आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने झाडाखालची दुपार सुखद वाटते.

आमच्यासमवेत आई होती. यादीतील तीन स्थळे अद्याप राहिली होती आणि रात्रीची गाडी गाठावयाची होती. काचघरापाशी येताच आई बाकावर टेकली व म्हणाली, "तुम्ही या सगळं पाहून. मी इथंच बसते." तिच्या स्वरात तक्रार नव्हती; म्हणूनच ते शब्द लागले. दोन दिवस ती आमच्या दहा पावले मागून चालत होती आणि आम्ही एकदाही मागे वळून पाहिले नव्हते. आम्ही यादीची घडी केली आणि खिशात ठेवली.

मग बाग खरी दिसू लागली. लोखंड व काच यांच्या त्या काचघराचा पाया १८८९ साली घातला गेला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवरून ते योजिले आहे. प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्यदिन यांच्या सुमारास येथे पुष्पप्रदर्शने भरतात. आम्ही गेलो तेव्हा प्रदर्शन नव्हते, गर्दीही नव्हती. मुले हिरवळीवर मनसोक्त धावली.

पुढे पांढऱ्या सावरीचा एक पुराणवृक्ष लागला. त्याची मुळे भिंतींसारखी उभी होती. आईने त्यांवर हात ठेवला. "ही तर आपली सावरच की! हिच्या कापसाच्या उशा मी भरल्यात लहानपणी." मग माहेरच्या कितीतरी गोष्टी निघाल्या. त्या आम्ही यापूर्वी कधीच ऐकल्या नव्हत्या. ऐकण्यास आम्ही बसलोच कधी होतो?

उन्हे उतरताच बागेतील प्रसिद्ध खडकाच्या पायथ्याशी जाऊन बसलो. माथ्यावर केंपेगौडाचा बुरूज आहे. भूशास्त्रज्ञांच्या मते हा खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे. हे सांगताच आई हसली. "मग आपण आणखी अर्धा तास बसलो, तर काय बिघडलं?"

ती तीन स्थळे आमची अद्यापही पाहावयाची राहिली आहेत. पण बंगळूरचा विषय निघाला की आई त्या सावरीचीच गोष्ट सांगते. पुढील प्रवासाची यादी कराल, तेव्हा एक दुपार अवश्य कोरी ठेवा. आणि ती कोठे घालवावी, हे घरातील सर्वांत वडील माणसास विचारा.